वायफाय ड्रायव्हरने कोणाकोणाला रडवलं?

खसताटी: काल कूलरची ताटी बदलताना माळ्यावर जुना लॅपटॉप सापडला आणि २०१६ चा मे आठवला. उबुंटू १६.०४ (लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं अन् वायफाय मेलं. राउटर त्याच खोलीत, तरी सिग्नल उणे ८४ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). तीन राउटर बदलले, बायको बोलून राहिली ते वेगळंच. शेवटी रात्री दोन वाजता मॉडइन्फो ही कमांड लावून ड्रायव्हरचे, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, पर्याय वाचले, त्यात अँट_सेल (कोणती अँटेना वापरायची ते) दिसलं. कार्डाला अँटेनाच्या खाचा दोन, कंपनीने तार जोडली एकीलाच, अन् ड्रायव्हर रिकाम्या खाचेला कान लावून बसलेला! ड्रायव्हरचं मॉड्यूल काढलं, अँट_सेल २ देऊन परत चढवलं. उणे ४८. तुमचं सांगा.

महालवाला: पॉवर सेव्ह, म्हणजे कार्डाची वीज वाचवायची सोय. राउटरला पिंग करून उत्तराची वेळ पाहिली, कधी २ मिलिसेकंद तर कधी ३००. कार्ड झोपतं, पॅकेटं राउटरपाशी ताटकळतात. बंद केलं, विषय संपला.

सावजी_रस्सा: बॅटरी?

महालवाला: लॅपटॉप चोवीस तास चार्जरलाच असते भाऊ, कायची बॅटरी 😄

ऊन_४६: माझं वायफाय सारखं तुटायचं, म्हणून नेटवर वाचून ड्रायव्हरला ११एन_डिसेबल=१ टाकलं होतं. तुटणं थांबलं, पण लिंकचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाईचना. दोन वर्षं तसंच वापरलं!! मग कळलं, १ म्हणजे ११एन (वायफायची वेगवान पद्धत) पूर्ण बंद, ८ म्हणजे उलट, पाठवताना फ्रेमांचे (डेटाच्या तुकड्यांचे) गठ्ठे बांधणं चालू. एका आकड्यापायी दोन वर्षं.

धंतोलीची_मावशी: मला यातलं काही कळत नाही, पण आमच्याकडे नेट फक्त उन्हाळ्यातच मंद होतं. मुलगा म्हणतो ड्रायव्हर खराब.

खसताटी: मावशी, राउटर अन् खोलीच्या मध्ये कूलर आहे का?

धंतोलीची_मावशी: हो, खिडकीत. मोठा, लोखंडी.

खसताटी: मग ड्रायव्हरला काहून शिव्या! पत्रा अन् टाकीभर पाणी, लहर अडणारच. राउटर दुसऱ्या भिंतीवर न्या.

ऊन_४६: ब्लूटूथवर गाणी लावली की डाउनलोड बसतं, ते कोणाचं झालं का? दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर. मी ५ गिगाहर्ट्झवर गेलो, सुटलो.

सावजी_रस्सा: राजेहो, ताटी खसची घेतली की वूड वूलची? आमची यंदा आत्ताच वास मारून राहिली.

खसताटी: खस. पण पंप गेला. सीताबर्डीत कुठं चांगला मिळते?

धंतोलीची_मावशी: राउटर हलवला. मुलगा आता माझ्याशी बोलत नाही 😂