खोल समुद्रात बुडालेल्या जहाजात माणसाचं काय उरतं?

सांजवारा
माझा मोठा काका मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. जहाज भर समुद्रात बुडालं तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिथं पाणी चार किलोमीटर खोल आहे, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजी आता नव्वदीला टेकली आहे. परवा तिनं एकदम विचारलं, "तो अजून तिथंच बसलेला असेल का गं?" मला काही बोलता आलं नाही. शोधायला गेले तर भुताखेतांचे व्हिडिओच पुढ्यात आले. मला खरं काय ते हवंय, कितीही कठोर असलं तरी चालेल. निदान हाडं तरी उरली असतील का?

तळगाळ
समुद्रतळावरच्या बारीक प्राण्यांचा मी बरीच वर्षं अभ्यास केला आहे, म्हणून लिहिते. तुम्ही खरं मागितलंत, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

चार किलोमीटरवर पाण्याचा दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या चारशे पट असतो, आणि पाणी गोठणबिंदूच्या जेमतेम वर. उथळ पाण्यात शरीर फुगून वर येतं ते आत साठलेल्या वायूंमुळे. एवढ्या दाबाखाली वायूला फुगायला वावच मिळत नाही. जो तिथं पोचला तो तिथंच राहतो.

मग अँफिपॉड येतात. हे झिंग्यांचे दूरचे नातलग, बहुतेक नखाएवढे, कुठल्याही फटीतून आत शिरणारे. कॅनडाच्या किनाऱ्यालगत गेल अँडरसन यांच्या गटानं मेलेली डुकरं 300 मीटर खोल ठेवून कॅमेऱ्यानं पाहिलं, तर चार दिवसांत सांगाडा उरला. त्यांनीच तिथल्याच सानिच इनलेट या खाडीतही हे प्रयोग केले. तिथं तळाच्या पाण्यात प्राणवायू फार कमी, आणि तिथं हेच काम कितीतरी रेंगाळलं. म्हणून 'अमुक दिवसांत' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हाडांचं वेगळं आहे. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे उपसागरात सुमारे 2,900 मीटरवर एका देवमाशाच्या सांगाड्यावर लालसर पिसाऱ्यांचे किडे सापडले. त्यांना ऑसेडॅक्स म्हणतात. त्यांना तोंड नाही, आतडं नाही. ते हाडात मुळं रोवतात, आम्ल सोडून हाड विरघळवतात आणि पोटातल्या नव्हे, त्या मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीनं आतल्या पदार्थांवर जगतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आता मात्र त्यात क्रौर्य दिसत नाही. तिथं वरून येणाऱ्या प्रत्येक कणाची वाट पाहणारं कुणीतरी असतं.

टायटॅनिक 1912 साली बुडालं, सुमारे 3,800 मीटरवर आहे, आणि 1985 मध्ये सापडलं. सुमारे पंधराशे माणसं गेली, त्यांतली साडेतीनशेसुद्धा हाती लागली नाहीत. इतक्या पाणबुडी-फेऱ्या झाल्या, पण सांगाडा कुणाला दिसल्याची नोंद नाही. दिसतात ते बुटांचे जोड, शेजारी शेजारी पडलेले. 2004 मध्ये टिपलेल्या एका छायाचित्रात गाळात एक कोट आणि बूट आहेत, एका माणसाच्या अंगावर असावेत तसेच. कमावलेलं चामडं त्यात मुरलेल्या टॅनिन या द्रव्यामुळे या प्राण्यांना खाता येत नाही, म्हणून ते मागे राहतं.

भरतीओहोटी
हे सरसकट खरं नाही. एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 2009 मध्ये अटलांटिकमध्ये पडलं. अवशेष 3,900 मीटरच्या आसपास होते. 2011 मध्ये तिथून 104 मृतदेह वर काढले. दोन वर्षांनी! मग चार दिवसांचा हिशेब कुठं गेला?

तळगाळ
बरोबर बोललात, हे मीच लिहायला हवं होतं. एवढ्या खोलीवर खाणारे विरळ असतात, थंडीत जिवाणूंची गती मंदावते, आणि शरीर कुठं अडकलं आहे यावर फार काही ठरतं. पण दोन वर्षं वेगळी आणि पन्नास वर्षं वेगळी.

गाळात पुरलं गेलं तर चित्रच पालटतं. हनली ही पाणबुडी 1864 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनजवळ बुडाली आणि 2000 मध्ये वर काढली. ती आतून गाळानं भरलेली होती. आठही जणांचे सांगाडे मिळाले, बहुतेक आपापल्या कामाच्या जागी. तिथलं पाणी उथळ होतं, त्यामुळे तुलना जपूनच करावी. पण बंद खोली गाळानं लवकर भरली असेल, तर हाडं राहू शकतात. सांजवारा, तुमच्या प्रश्नाचं माझं प्रामाणिक उत्तर असं: उघड्यावर असतील तर बहुधा नाहीत. इंजिनरूमच्या तळाशी गाळाखाली असतील, तर शक्यता मी नाकारत नाही.

चीफसाहेब
तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, म्हणून थोडं लिहितो, पोरी. आजींना असं वाटत असेल की तो बंद खोलीत हवेत अडकून राहिला. तसं होत नाही. आपले दरवाजे आणि बल्कहेड, म्हणजे जहाजातल्या आडव्या भिंती, जहाज तरंगत ठेवण्यासाठी असतात, इतक्या खोल पाण्याच्या दाबासाठी नव्हेत. जिथं हवा उरते ती जागा जहाज खाली जाता जाताच चेपली जाते, आणि ते क्षणात होतं. हे त्यांना जरूर सांग.

आणखी एक. खाली आम्ही चामड्याचे जाड बूट घालतो, पुढं पोलादी टोपी असते. वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपेपर्यंत ते पायातून निघत नाहीत.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आजीजवळ बसून सगळं सांगितलं. किड्यांचंही सांगितलं, लपवलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, शेवटच्या खेपेला निघताना त्यानं नवे बूट घेतले होते, चावतात म्हणून कुरकुरत होता. तळवे रबराचे होते म्हणे. ते राहतात का, असं विचारलंय तिनं.

तळगाळ
रबर त्यांच्या खाण्यातलं नाही. आजींना सांगा, बूट असतील.