विषय: गाडी सेल्फ घेत नाही, नुसती टकटक

मिसिसागाहून

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यापासून सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून टकटकटक असा आवाज येतो, इंजिन काही फिरत नाही. कधी बऱ्याच खटपटीनंतर चालू होते, कधी सरळ बस पकडावी लागते. बॅटरी मागच्याच हिवाळ्यात बदललीय. गॅरेजवाले म्हणतात सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, गेला, नवा टाका. टाकायचा असेल तर टाकेन, पण खरंच तोच गेलाय का, हे आधी कळायला हवं. कुणी सांगू शकेल का?

ऑटवाहून

अगं, टकटक म्हटलं की नव्वद टक्के लोक बॅटरीच म्हणतील, आणि मीही आधी तेच तपासेन. बॅटरीवर जो सीसीए आकडा असतो, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला ती किती करंट देऊ शकते ते, तो उणे 18 अंशांवर मोजलेला असतो. आपल्याकडे पारा त्याच्याही खाली जातो, त्यात घर ते ऑफिस दहा मिनिटांचं अंतर असेल तर बॅटरी पुरती भरतच नाही. रात्रभर गाडी उभी असताना मल्टीमीटरवर 12.6 व्होल्ट दिसले तर भरलेली, 12.2 म्हणजे अर्ध्यावर आलेली.

एक मात्र कळकळीने सांगते. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल आणि बाहेर कडाका असेल तर जंप देण्याआधी, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून चालू करण्याआधी, तिच्याकडे नीट बघ. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि गोठतं. कड फुगलेली दिसली तर केबल लावूच नकोस, फुटू शकते. आणि जंप देताना काळ्या केबलचं शेवटचं टोक बॅटरीला नाही, इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्यापासून लांब पडलेली बरी.

मिसिसागाहून

ताई, धन्यवाद. आज सकाळी मोजलं, 12.5 आहे. दुकानात लोड टेस्टही केली, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासली, बॅटरी चांगली म्हणाले. टर्मिनलवर पांढरं काही नाही, क्लॅम्प घट्ट आहेत. आणि टकटक होत असताना हेडलाइट अजिबात मंद होत नाहीत.

ब्रॅम्प्टनहून

पोरी, हेडलाइटचं सांगितलंस ते फार मोलाचं आहे. सेल्फ बदलायला अजिबात हो म्हणू नकोस, आधी हे वाच.

मी दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेत अनेक वर्षं काढली. तिथे शिकलो ते हे, की टकटक हा सेल्फच्या मोटरचा आवाज नाही, सॉलेनॉइडचा, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचा आहे. किल्ली फिरवली की सॉलेनॉइड आत ओढला जातो आणि मोटरला जाडजूड करंट जोडून देतो, शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहून जास्त. तेवढा करंट वाटेत कुठे अडला तर व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला अनेकदा होतं, तीच तुझी टकटक.

बॅटरी मेली असती तर दिवेही विझायला आले असते. दिवे झगझगीत आणि सॉलेनॉइड उपाशी, याचा अर्थ बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही. दिव्यांची अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, गाडीच्या बॉडीतून असते, सेल्फची इंजिनातून. माझा संशय बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाकडे जाणाऱ्या केबलवर. आँटॅरिओत रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालच्या टोकाला खातं. वरून सगळं स्वच्छ दिसतं.

मोजायचं असं. हँडब्रेक ओढ, गिअर पार्कमध्ये. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. एक काडी निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांग, तू पट्टे आणि पंख्यापासून हात, केस, ओढणी लांब ठेव. आकडा 0.2-0.3 च्या आत हवा. मग तसंच पॉझिटिव्हच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, तिथे 0.5 पर्यंत चालेल. जिथे आकडा मोठा, तिथे खोट.

मिसिसागाहून

काका!! निगेटिव्हच्या बाजूला 4 व्होल्टच्या वर आकडा आला. पॉझिटिव्हला 0.2.

ब्रॅम्प्टनहून

सापडलं. आधी निगेटिव्ह क्लॅम्प सोड, मग खालचा बोल्ट. तारेच्या ब्रशने टोक आणि इंजिनावरची जागा चकचकीत कर. प्लास्टिकच्या आवरणाखाली तांबं हिरवं पडलं असेल तर घासत बसू नको, तेवढीच केबल नवी आण. जोडताना बॅटरीचा निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. वरून थोडं व्हॅसलीन.

मिसिसागाहून

तांबं आतून पार हिरवं होतं, हाताने पिळलं तर भुगा पडला. नवी केबल घातली. आता आकडा 0.1, आणि किल्ली फिरवताच गाडी चालू. सेल्फच्या खर्चाच्या मानाने केबल काहीच नाही. काका, तुमचे मनापासून आभार. ताई, तुमचेही.

स्कारबरोहून

काका, माझ्या गाडीत टकटक नाही, एकदाच जोरात टक् होतं आणि शांत. हीच केबल का?

ब्रॅम्प्टनहून

वरची दोन्ही मोजमापं आधी करा. ती ठीक आली आणि टक् होताना सेल्फच्या जाड बोल्टवर पुरतं व्होल्टेज असेल, तर तुमचा सेल्फ खरंच गेला असण्याची शक्यता मोठी. आतले काँटॅक्ट किंवा मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजतात. दुसऱ्याने किल्ली धरलेली असताना सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोका. फिरला तर ब्रश झिजलेत असं समजा आणि गॅरेजपर्यंत तेवढ्यावर न्या. मात्र वाटेत इंजिन बंद करू नका.

शनिवारी मंडळाच्या हॉलवर मल्टीमीटर घेऊन येतोय. कार्यक्रमाआधी अर्धा तास पार्किंगमध्ये भेटा.