तारावा, 1943: बैरिकी आधी घेतलं असतं तर? मदत हवी आहे

20 नोव्हेंबर 1943 रोजी अमेरिकन मरीन (नौसैनिक पायदळ) पॅसिफिकमधल्या तारावा प्रवाळद्वीपातल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या बेटिओ बेटावर उतरले तेव्हा भांगाची (कमी उंचीची) भरती होती. हिगिन्स बोटींना (सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी) साधारण 4 फूट पाणी लागतं, प्रवाळकड्यावर तेवढं नव्हतंच. कडा ओलांडू शकणारे अ‍ॅमट्रॅक (पाण्यात-जमिनीवर चालणारी पट्ट्यांची वाहनं) फक्त सव्वाशेच्या आसपास. त्यामुळे नंतरच्या तुकड्यांतले जवान पाण्यातून चालत मशीनगनच्या माऱ्यात सापडले. तीन दिवसांत सुमारे 1,000 अमेरिकन गेले. फार मोठी किंमत!

माझा प्रश्न तोफांचा आहे. शेजारचं बैरिकी बेट आधी घेऊन तिथे तोफा मांडाव्यात, ही सूचना वेळ जाईल म्हणून नाकारली गेली. 75 मिमी पॅक हॉवित्झरचा (सुटी करून नेता येणारी हलकी तोफ) पल्ला 8 किमीहून जास्त, म्हणजे बेटिओ टप्प्यात येतं. दोनच महिन्यांनी मार्शल बेटांतल्या क्वाजालीनला नेमकं हेच केलं: 31 जानेवारीला शेजारचं एन्नुबुज बेट घेतलं, तोफा लावल्या, दुसऱ्या दिवशी मुख्य बेटावर उतरले.

तारावात एक दिवस आधी असं केल्यावर जहाजांचा ताफा जपानी पाणबुड्यांच्या तोंडी किती राहिला असता? आणि 75 मिमीचा गोळा नारळाच्या ओंडक्यांच्या, वाळू चढवलेल्या बंकरवर चालतो का? माझ्या मते नाही, पण निदान जपानी बंदूकधाऱ्यांना डोकं वर काढू दिलं नसतं. तोफखान्यातल्या जाणकारांनी कृपया सांगावं.