मदत हवी आहे: ‘हॉट शॉट्स! पार्ट द्यू’ची १९९३ मधली परीक्षणं

जिम अब्राहम्सच्या या विडंबनपटाची प्रदर्शनाच्या वेळची, म्हणजे मे १९९३ च्या आसपासची परीक्षणं हवी आहेत. परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचा टक्का इथे कामाचा नाही: त्यात नंतरच्या काळातली मतंही मिसळतात, आणि आवडलं की नावडलं एवढंच मोजलं जातं. पडद्यावर मृतांचा आकडा वाढत जातो तो प्रसंग, किंवा रॅम्बोपटांतल्या रिचर्ड क्रेनालाच पुन्हा कर्नल करणं (निवड अफलातूनच!), याची दखल कोणी घेतली का? ‘टॉप गन’ची टर उडवणाऱ्या १९९१ च्या पहिल्या भागाशी तुलना असेल तर फारच उत्तम.

नुसते तारे नकोत. मोजपट्टी कुठे चारची, कुठे पाचची. कात्रणाच्या फोटोत वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान दिसू द्या.