टॅबवर मराठी पुस्तकं भरून नेटशिवाय वाचायची आहेत

प्रश्न (शब्दवेल्हाळ):
८ इंची अँड्रॉइड टॅब आहे, ३२ जीबीचा. वाचणार आजोबा, आणि गावी नेट जवळपास नाहीच. मोफत आणि कायदेशीर मराठी पुस्तकं कुठून घ्यावीत? ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल) की पीडीएफ? क्रोममध्ये उघडलेली पीडीएफ नेट बंद केल्यावर दिसत नाही, असं का?

पानोपानी:
शेवटचं आधी. ब्राउझरमध्ये फाइल नुसती उघडली की ती टॅबमध्ये साठतेच असं नाही. लिंकवर बोट दाबून धरा, 'डाउनलोड लिंक' निवडा आणि फाइल 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये आली का ते बघा.

सुरुवात मराठी विकिस्रोतापासून करा, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातला मोफत पुस्तकांचा ऑनलाइन संग्रह. तिथला मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्राला अक्षरं ओळखता येतील अशा प्रमाण पद्धतीत) आहे, त्यामुळे ईपबमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप जुळतात. मात्र डाउनलोड करताना पुस्तकाच्या मुख्य पानावर असायला हवं. प्रकरणाच्या पानावरून घेतलं तर तेवढंच प्रकरण येतं, आणि 'पान:' ने सुरू होणाऱ्या दुव्यावरून एकच पान. बरेच जण इथेच फसतात.

नवे लेखक हवे असतील तर मोफत ई-पुस्तकं देणारं ई साहित्य प्रतिष्ठान. संदर्भग्रंथांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ बघा, तिथे पीडीएफ मिळतात.

जुनी_छपाई:
इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण तिथला ईपब घेऊ नका. तो स्कॅनवरून यंत्राने ओळखलेल्या मजकुराचा असतो आणि जोडाक्षरांची पार वाट लागते. पीडीएफच घ्या. स्कॅन म्हणजे पानांचे फोटो, एकेक फाइल शंभर एमबीच्याही वर जाऊ शकते. ३२ जीबीतली बरीच जागा सिस्टीमच खाते, म्हणून मेमरी कार्ड घाला.

आणि तिथे आहे म्हणजे मुक्त आहे असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. मरणोत्तर प्रकाशित पुस्तकांचा हिशेब वेगळा असतो. अनुवाद असेल तर अनुवादकाचं सालही तपासा.

रात्रवाचक:
अ‍ॅप रीडएरा ठेवा. खातं लागत नाही, टॅबमधल्या फाइली स्वतः शोधतं. पीडीएफची अक्षरं बारीक वाटली तर समास कापा आणि टॅब आडवा धरा.

आजोबांचे डोळे थकत असतील तर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही त्यात आहे. त्यासाठी गुगलच्या वाचा-सेवेतला मराठी आवाज नेट असतानाच उतरवून ठेवा. हे ईपबवर उत्तम चालतं. स्कॅनवर चालत नाही, आणि युनिकोडपूर्व फाँटमधल्या जुन्या पीडीएफ डोळ्यांना नीट दिसल्या तरी आवाज काहीतरी भलतंच वाचतो.

टॅब देण्याआधी विमान मोड लावा, मग टॅब बंद करून चालू करा आणि प्रत्येक पुस्तकाचं मधलं एखादं पान उघडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल तिथेच सापडते.