शेपूची भाजी घरातले सगळे खातील अशी कशी करायची?

खमंगकाकडी:
मंडईतून शेपूची जुडी आली की आमचा धाकटा जिन्यातूनच ओरडतो, "आई, आज मी डबा नेणार नाही!" नवरा तोंडाने काही म्हणत नाही, नुसती आमटी दोनदा वाढून घेतो. सासूबाईंना शेपू फार प्रिय, पण त्यांच्यापुरती वेगळी करायला घेतली की "राहू दे गं, एकटीसाठी कशाला" म्हणतात.

मी करते ती अशी: मुगाची डाळ भिजवून, मिरची-लसणाची फोडणी, त्यावर शेपू, मीठ आणि झाकण. भाजी काळपट होते, पाणी सुटतं, शिवाय उग्र लागते. पालकात मिसळून पाहिली, तर आता पालकाकडेही संशयाने बघतात. कृपा करून "बटाटा घाल" म्हणू नका. आमच्याकडे बटाटा वेचून खातात आणि शेपू ताटाच्या कडेला लावून ठेवतात.

जुनीकढई:
पहिलं म्हणजे ते झाकण काढ. शेपूचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन पुन्हा भाजीतच ठिबकते, मग उग्र लागणार नाही तर काय?

जुडी घेताना पिवळा फुलोरा आलेली घेऊ नकोस, ती जून. निवडताना जो देठ बोटांनी पटकन मोडत नाही तो सरळ टाकून द्यायचा. इथे काटकसर करतात आणि मग दातात दोरे येतात म्हणून शेपूला नावं ठेवतात. आधी धुवायचा, फडक्यावर पसरून चांगला सुकू द्यायचा, मगच बारीक चिरायचा.

एका मोठ्या जुडीला अर्धी वाटी मूगडाळ. नखाने तुटेपर्यंत भिजली पाहिजे, अर्धा-पाऊण तास लागतो. लोखंडी कढईत तेल जरा सढळ हाताने. मोहरी, हिंग, मग दहा-बारा लसूणपाकळ्या ठेचून. लसूण चांगला लालसर होऊ दे. पांढरा राहिला तर लसणाचाही वास आणि शेपूचाही. दोन सुक्या मिरच्या मोडून टाक, त्यावर डाळ परत, पाण्याचा हबका मार आणि काय झाकायचं ते आत्ताच झाकून घे. डाळ बोटचेपी झाली की शेपू घाल, आच मोठी कर आणि उघडाच परत. पाचेक मिनिटांत होतो. मीठ अगदी शेवटी. आधी घातलं की पाणी सुटतं, आणि भाजी आळून मूठभर झाल्यावर खारट लागते ते वेगळंच. वरून दाण्याचं भरड कूट. सोबत गरम भाकरी, पोळी नव्हे.

जाता जाता: बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी आणि ग्राइप वॉटरमध्ये त्याचंच तेल असतं. तुझ्या धाकट्याने ते चमचा चाटूनपुसून घेतलं असेल!

बेळगावी_कुंदा:
आमच्याकडे मुलांना भाजी म्हणून देतच नाही. कन्नड शेजारीण करते तशी अक्की रोट्टी करते. तांदळाच्या पिठात भरपूर शेपू, बारीक कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं, मीठ. कोमट पाण्याने मऊ भिजवून थेट गार तव्यावर थापायची, मध्ये भोकं पाडून तेल सोडायचं. कडा तांबूस झाल्या की वर लोण्याचा गोळा. दुसरी रोट्टी थापायच्या आत तवा उलटा करून पाण्याखाली धरावा लागतो, नाहीतर हात भाजतो. दोन तवे असतील तर उत्तम.

टोमॅटोसार:
हे सगळं ठीक, पण नवऱ्याने आमटी दोनदा घेतली तर घेऊ दे की! सासूबाईंसाठी अर्धी जुडी कर आणि त्यांच्या पंक्तीला तू बस. एकटीसाठी म्हणून त्या नको म्हणतात ना? दोघींसाठी कर.

राईनकाठ:
जर्मनीत हाच शेपू काकडीच्या कोशिंबिरीत आणि माशावर कच्चाच घालतात, तोही चिमूटभर. माझ्या घरात मात्र तो खपला इराणी मैत्रिणीमुळे. त्यांच्याकडे बाघाली पोलो म्हणून भात असतो, तांदळात शेपू आणि बाकल्याचे दाणे. मी बाकल्याऐवजी पावटे घालते. मोकळा भात, अर्धवट शिजल्यावर चिरलेला शेपू आणि वाफवलेले पावटे थरांत, वर तूप, मंद आचेवर दम. झाकण ठेवावंच लागतं (जुनीकढई, माफी असावी), पण भातात तो वास पसरून सौम्य होतो. बरोबर दही.

खमंगकाकडी:
टोमॅटोसार, हे मला सुचलंच नव्हतं. उद्या आधी तेच, कढईवाली भाजी करून. सासूबाई विचारतायत, चिमूटभर गूळ घातला तर?

जुनीकढई:
त्यांना सांग, भेंडीत घाला, दोडक्यात घाला, शेपूत नको. फारच वाटलं तर ताटात भाकरीशेजारी खडा ठेव.