इंटिरियर डिझाइनची परीक्षा आधी द्यावी की लीड (पर्यावरणपूरक इमारतींविषयीचं प्रमाणपत्र)? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंटिरियर डिझाइनची पदवी घेऊन सहा वर्षं काम करते आहे. आता एनसीआयडीक्यू परीक्षा द्यायचं मनात आहे. अमेरिका आणि कॅनडात या क्षेत्रातली मुख्य परीक्षा हीच. तिचे तीन भाग: मूलतत्त्वं, व्यावसायिक ज्ञान आणि प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामावर आधारित प्रश्न). पहिला भाग लवकर देता येतो, पण पुढच्या दोन भागांसाठी पदवीधराला ३,५२० तासांचा अनुभव दाखवावा लागतो.

माझं घोडं इथेच अडलंय. अनुभव कोणाच्या देखरेखीखाली घेतला, यावर किती तास धरले जाणार ते ठरतं. माझी पहिली तीन वर्षं एका आर्किटेक्टच्या हाताखाली गेली, नंतरची स्वतंत्र कामात. स्वतंत्र कामाचे तास कोणी मान्य करून घेतले आहेत का? कागदपत्रं कशी जोडली? जुन्या वरिष्ठांकडून सही घ्यायची म्हणजे थोडा संकोचही वाटतो, पण घेईन.

दुसरं म्हणजे, काही जण आधी लीड एपीची, म्हणजे लीडच्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राची, इंटिरियरची शाखा करायला सांगतात. त्यासाठी ग्रीन असोसिएट हे लीडचं सुरुवातीचं प्रमाणपत्रही लागतं. पर्यावरणाचा विषय मला मनापासून आवडतो, पण आग लागल्यावर बाहेर पडायचे मार्ग, बांधकाम नियम, अपंगांसाठी सोयी यांत माझा पाया कच्चा आहे. माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने एनसीआयडीक्यूच्या अभ्यासातून तेच आधी पक्कं करावंसं वाटतं.

नोकरी सांभाळून ज्यांनी परीक्षा दिली, त्यांनी कोणता भाग आधी घेतला? प्रॅक्टिकमचा सराव कसा केलात? सविस्तर लिहिलंत तर फार उपकार होतील.